फळो दिसना

पर्वरीच्या प्रशिक्षणातून मी आणल्या
चार रंगांच्या चिकटचिठ्ठ्या, एक जाड वही
आणि एक वाक्य: ज्याच्यासाठी करायचं, आधी त्याला ऐका.
वाक्य मला पटलं होतं,
दुपारच्या जेवणाआधीच पटलं होतं.

आगरवाड्याच्या शाळेत, पाचवीच्या भिंतीवर
चिठ्ठ्या सोमवारी लावल्या, मंगळवारी गळाल्या.
खारा वारा गोंदाला जुमानत नाही.
वहीत मात्र सगळं जागच्या जागी:
उद्दिष्ट, साधनं, कृती, मूल्यमापन,
आयताचं क्षेत्रफळ, तासिका तीन.
मसुदा पहिला. माझ्या अक्षरात, माझ्याच समाधानाचा.

तीन तासिका झाल्या.
सतरापैकी अकरा मुलांनी लांबी-रुंदीची बेरीज केली.
तन्वेशने काहीच केलं नाही,
पेन्सिलीला टोक काढत राहिला, टोकाला टोक.
मी म्हटलं, काय कळत नाही ते तरी सांग.
ते सांगता आलं असतं
तर कळलंच असतं की त्याला.

मग एक दिवस मी शिकवलंच नाही.
दीक्षिताच्या हाती खडू दिला, म्हटलं, आज तू टीचर,
आणि तन्वेशच्या बाकावर जाऊन बसले.
गुडघे बाकाखाली मावेनात.
साडेआठ वाजले.
खिडकीबाहेर मिठागराच्या पाण्यावर ऊन टेकलं
आणि तिथून उसळून थेट फळ्यावर आलं.
लांबी गेली, रुंदी गेली,
दीक्षिताचा हात तेवढा पांढऱ्यात हलत राहिला.
"फळो दिसना," तन्वेश म्हणाला,
आज बाजारात बांगडे नाहीत, असं म्हणावं तसा.
कधीपासून रे?
"दिवाळेउपरांत, टीचर. सदांच, साडेआठांक."

वहीत 'अध्ययनातील अडचणी' या रकान्यात
मी लिहिलं होतं: एकाग्रतेचा अभाव.
रकाना अरुंद होता. मीच आखलेला.

मसुदा दुसरा. फळा दुसऱ्या भिंतीवर नेला,
चार खिळे, त्यातला एक वाकला.
फळा दिसू लागला. गणित दिसलं नाही.
तन्वेशही आता सगळ्यांसारखी बेरीज करू लागला.

मसुदा तिसरा. पुठ्ठ्याचे वीतभर चौकोन,
रात्री एकपर्यंत कातरले, अंगठ्याला फोड.
सकाळी मुलांनी त्यांची घरं बांधली.
चांगली घरं. एकाला तर गोठाही.
मधल्या सुट्टीपर्यंत मी ती मोडली नाहीत.

चौथा मसुदा माझा नाही.
तन्वेश म्हणाला, आमच्या आगरात चला.
बांधावरून सतरा मुलं एका ओळीत,
पुढे तो, पहिल्यांदाच पुढे.
त्याचा बाप सोयरू मीठ ओढत होता.
विचारलं, हा वाफा केवढा?
त्याने लांबी सांगितली नाही, रुंदी सांगितली नाही.
"सात पांटले," म्हणाला.
आणि शेजारचा?
"चवदा."
शेजारचा लांबीला तेवढाच दिसत होता.
मुलं गप्प.
दीक्षिता चपला काढून बांधावरून चालू लागली,
पावलाला पाऊल लावत, ओठांत आकडे,
एका वाफ्याची रुंदी, मग दुसऱ्याची,
टोकाला पोचली आणि तिथूनच ओरडली,
"मगीर आमी बेरीज कित्याक करतांव?"

हा प्रश्न वहीत कुठल्या रकान्यात लिहावा,
मला कळेना. मी तो हातावर लिहिला.
संध्याकाळी भांडी घासताना गेला.

पाच मुलं अजून बेरीजच करतात.
त्यांतली एक विचारते,
पावसात वाफा बुडतो तेव्हा क्षेत्रफळ कुठे जातं?
तिच्यासाठी काय करायचं ते ठरलेलं नाही.

जुन्या भिंतीवर फळ्याच्या जागी
एक फिकट आयत उरलाय.
साडेआठला त्याच्यावर पाणी हलतं.
तन्वेश तिकडे बघत बसतो,
बोट हलकेच हलवत, डावीकडून उजवीकडे, मग खाली.
मी त्याला हटकत नाही.
मोजत असेल.